वेबसाईटमध्ये एआय आलं, पण ‘पब्लिश’चं बटण कोणाकडे?

महाराष्ट्रात राजूर नावाची किमान तीन गावं आहेत. जालना जिल्ह्यात भोकरदन तालुक्यातलं गणपतीचं राजूर. यवतमाळ जिल्ह्यात वणीजवळचं कोळसा खाणींचं राजूर. आणि अहिल्यानगर जिल्ह्यात अकोले तालुक्यातलं, भंडारदऱ्याच्या वाटेवरचं राजूर, जिथे आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय आहे. माणूस लगेच विचारतो, “कुठलं राजूर?” वेबसाईटमध्ये बसवलेलं एआय बऱ्याचदा हे न विचारताच लिहायला लागतं. हा प्रश्न आता का महत्त्वाचा झालाय, ते बघूया.

सीएमएसमध्ये नवीन काय आलं?

सीएमएस, म्हणजे कन्टेन्ट मॅनेजमेंट सिस्टिम. कोडिंग येत नसलं तरी लॉगिन करून वेबसाईटवर मजकूर आणि फोटो टाकता यावेत, यासाठीचं हे सॉफ्टवेअर. मजकूर डेटाबेसमध्ये असतो, डिझाईन वेगळं असतं. तुम्ही लिंक उघडली की दोन्ही जुळून पान दिसतं. २००३ मध्ये आलेलं वर्डप्रेस हे यातलं सगळ्यात मोठं नाव. जगातल्या दर पाच वेबसाईटपैकी साधारण दोन त्यावर चालतात.

यात एआय दोन वाटांनी आलंय. पहिली वाट ओळखीची आहे: एडिटरमधलं बटण दाबा, मजकूर किंवा भाषांतर मिळवा. दुसरी नवी आहे. डिसेंबर २०२५ मधल्या वर्डप्रेस ६.९ मध्ये ‘ॲबिलिटीज एपीआय’ आला. साईट कोणकोणती कामं करू शकते, याची मशीनला वाचता येईल अशी यादी त्यातून तयार होते. पुढचं जोडकाम केलं की एआय एजंट ती कामं स्वतः करू शकतो. म्हणजे आधी मजकूर सुचवणारं एआय आता थेट पोस्टही टाकू शकतं.

छोट्या गावांना धोका जास्त का?

भंडारदरा परिसरात मे-जूनमध्ये काजवे बघायला गर्दी होते, मग पावसाळी पर्यटन सुरू होतं. टेंटवाल्याला, होमस्टेवाल्याला वेबसाईट हवी असते, पण लिहायला माणूस नसतो. त्याने एआय वापरलं तर त्यात गैर काहीच नाही.

अडचण पुढे आहे. भाषा मॉडेल पुढचा शब्द कोणता येण्याची शक्यता जास्त, या हिशोबाने लिहितं. मुंबईबद्दल त्याने ढीगभर वाचलेलं असतं, साम्रद गावाबद्दल अगदी थोडं. जिथे माहिती कमी, तिथे ते सराईत वाक्यांनी जागा भरतं. सह्याद्री आणि पावसाळा ही जोडी इंटरनेटवर इतकी पक्की आहे की, साम्रदच्या सांदण दरीबद्दलही ‘पावसाळ्यात नक्की भेट द्या’ असं ते सहज लिहून जाईल. वाक्य गोड आहे, पण पावसात ती अरुंद दरी म्हणजे पाण्याचीच वाट असते. ट्रेकर पावसाळा ओसरल्यावर तिथे उतरतात. असं एक वाक्य कोणाच्या तरी जिवावर बेतू शकतं.

नावांचंही तसंच. इंग्रजी स्पेलिंगचं शेवटचं एक अक्षर बदललं की अकोलेचं अकोला होतं. इंग्रजीत ‘ळ’ नाही, त्यामुळे बीजमाता राहीबाई पोपेरे यांचं कोंभाळणे भाषांतरात ‘कोंभलने’ होऊ शकतं. जिल्ह्याचं नाव २०२४ मध्ये बदललं. म्हणून एआयला ‘सगळीकडे अहिल्यानगर कर’ सांगितलं, तर ते इतिहासातल्या अहमदनगरच्या निजामशाहीचंही नाव बदलून टाकेल.

मोठ्या शहराबद्दल चुकीचं छापलं तर दहा जण दुरुस्त करतात. छोट्या गावाबद्दल मराठीत मोजकीच पानं असतात. त्यातलं एक चुकलं की दुसरी साईट तेच उचलते, आणि उद्याचं मॉडेल त्यावरच शिकतं.

मग वापरायचं कसं?

उत्तर सीएमएसमध्येच आहे, आणि तेही जुनं. वर्डप्रेसमध्ये ‘कॉन्ट्रिब्युटर’ नावाचा रोल असतो. त्याला ड्राफ्ट लिहिता येतो, पब्लिश करता येत नाही. माझं मत स्पष्ट आहे: एआयला एवढाच रोल द्या. एडिटर किंवा ॲडमिनचं लॉगिन त्याच्या हाती देऊ नका.

दुसरं, अंतर, तारीख, भाडं, फोन नंबर, ‘पावसाळ्यात बंद’ अशा गोष्टी वेगळ्या फील्डमध्ये माणसाने भराव्यात आणि एआयला त्या बदलायची परवानगी नसावी. तिसरं, रिव्हिजन चालू ठेवा. कोणी काय बदललं ते दिसतं आणि मागे जाता येतं.

एआयला बिनधास्त द्यावीत अशी कामंही भरपूर आहेत. लांब सरकारी सूचनेचा सोपा सारांश, शुद्धलेखन तपासणं, आणि फोटोंना मराठीत ऑल्ट टेक्स्ट. टॉकबॅक वापरणाऱ्या अंध व्यक्तीला फोटोत काय आहे ते त्यामुळेच कळतं. फक्त शेवटची नजर माणसाची हवी.

तुम्ही नुसते वाचक असाल, तरी ट्रेकला निघण्याआधी पानावर तीन गोष्टी बघा: तालुका-जिल्हा लिहिलाय का, पान शेवटचं कधी अपडेट झालं, आणि उचलला जाणारा स्थानिक फोन नंबर आहे का. नंबर असेल तर एक कॉल करा. दरीत पाणी आहे की नाही, हे साम्रदचा माणूस एका मिनिटात सांगेल.