टोफूची प्लेट 460 ची, आणि आपण म्हणे पेंडीचे उत्पादक!



आपल्या भागात एक वाक्य बांधावर, आडतीवर, लग्नाच्या पंगतीत सगळीकडं ऐकायला मिळतं: "सोयाबीन हे काय माणसानं खायचं पीक नाही." पेरतो आपण, काढतो आपण, आणि घरात एक मूठ ठेवत नाही. हे वाक्य साफ खोटं आहे आणि ते आपल्याला क्विंटलमागं महागात पडतंय. आज त्याच्यावरच लिहितोय.

पुण्या-मुंबईत हल्ली नव्या पद्धतीची चायनीज हॉटेलं निघालीत. गाडीवरचं लालभडक चायनीज नव्हे. बांबूच्या टोपलीत डिमसम, काचेच्या किटलीत चहा, असलं काम. तिथलं मेनूकार्ड एकदा सोयाबीनवाल्याच्या नजरेनं वाचा. मागच्या महिन्यात पुतण्यानं नेलं तेव्हा मी वाचलं. मापो टोफू 460 रुपये. एडामामे, म्हणजे मीठ घालून उकडलेल्या हिरव्या सोयाबीनच्या शेंगा, 350 रुपये. आंबवलेल्या काळ्या सोयाबीनची भाजी वेगळीच. आणि सोया सॉस तर जिथं तिथं. वाढणाऱ्या पोराला विचारलं, टोफू कशाचा असतो? म्हणाला, "काका, ते व्हेज पनीर असतंय." जसं काय आपलं पनीर मटणाचं असतंय!

आता हिशोब घ्या. एक किलो सोयाबीनपासून साधारण दीड ते दोन किलो टोफू होतो. प्लेटमध्ये 200 ग्रॅम टोफू धरला तर सोयाबीन लागलं 100 ते 130 ग्रॅम. 2025-26 चा हमीभाव 5,328 रुपये, म्हणजे किलोला 53. प्लेटमधलं आपलं सोयाबीन झालं पाच ते सात रुपयांचं. तेही हमीभाव मिळाला तर! 2024 च्या हंगामात हमीभाव 4,892 होता आणि आडतीवर माल 4,000 च्या आसपास गेला, हे कुणी विसरलेलं नाही.

इथं लगेच "हॉटेलवाले लुटतात" म्हणून ओरडू नका. त्याला जागेचं भाडं आहे, आचारी आहे, गॅस आहे. 460 मधले 400 मला द्या असं मी म्हणत नाही. माझं भांडण वेगळं आहे. सात रुपये आणि 460 रुपये यांच्या मधे टोफू करणारा एक माणूस बसलाय. तो माणूस आपल्या तालुक्यात का नाही?

कारण आपण आणि आपलं धोरण, दोघांनीही सोयाबीनला फक्त गाळपाचा माल ठरवलंय. दाण्यात तेल 18 ते 20 टक्के आणि प्रथिनं 40 टक्क्यांच्या आसपास. तेल काढलं की उरलेली पेंड कोंबड्यांना. म्हणून आपला भाव कशावर ठरतो? बाहेरून येणाऱ्या तेलावर आणि पेंडीच्या मागणीवर. मे 2025 मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयात शुल्क 20 वरून 10 टक्क्यांवर आणलं. इथेनॉल कारखान्यांतून मक्याचं, तांदळाचं डीडीजीएस स्वस्तात निघायला लागलं, पोल्ट्रीवाला तिकडं वळला, पेंड पडून राहिली. दोन्हीकडून मार आपल्यालाच. ज्याला एकच गिऱ्हाईक, त्याला भाव मागायचा अधिकार नसतो राव.

चीनकडं बघा. तो देश वर्षाला 1,000 लाख टनांहून जास्त सोयाबीन आयात करतो, बहुतेक जीएम, आणि ते जातं तेल-पेंडीच्या गाळपाला. स्वतःच्या शेतात पिकणारं 200 लाख टनांच्या आसपासचं बिगर-जीएम सोयाबीन मात्र मोठ्या प्रमाणात ताटात जातं: टोफू, दूध, सॉस. खायचं सोयाबीन वेगळं, गाळायचं वेगळं. आपल्या देशात जीएम सोयाबीनच्या लागवडीला परवानगीच नाही. म्हणजे खायच्या दर्जाचा माल आपल्या खळ्यावर पडलाय आणि आपण तो पेंडीच्या भावानं घालतोय!

"पण वास येतो, पचत नाही." बरोबर आहे, आणि त्यावर काम झालेलं आहे. कच्चट वास लायपॉक्सिजनेजमुळं, पचायला अडथळा ट्रिप्सिन इनहिबिटरमुळं. इंदूरच्या सोयाबीन संशोधन संस्थेनं एनआरसी 127 हा वाण कुनिट्झ ट्रिप्सिन इनहिबिटर नसलेला दिला. एनआरसी 142 मध्ये तो घटकही नाही आणि लायपॉक्सिजनेज-2 सुद्धा नाही. हिरव्या शेंगांसाठी रांचीच्या केंद्राचा स्वर्ण वसुंधरा आहे. शेंगा भरल्या पण हिरव्या आहेत तेव्हाच तोडायच्या, म्हणजे रान लवकर मोकळं आणि हरभऱ्याला ओल सापडते. मात्र तोडलेली शेंग लगेच थंडीत गेली पाहिजे. शीतगृहाची सोय नसेल तर त्या नादी लागू नका, हे स्पष्ट सांगतो.

टोफूचं तंत्र काही चंद्रावरचं नाही. भिजवा, दळा, उकळा, गाळा, दूध फाडा, दाबा. चीनमध्ये दूध फाडायला पिढ्यानपिढ्या जिप्सम वापरतात. खाण्याच्या दर्जाचं बरं का, शेतात टाकायचं नव्हे. उरलेला चोथा जनावरांना. भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेत याचं प्रशिक्षण मिळतं.

"आपल्याकडं कोण खाणार?" हा शेवटचा आक्षेप. अहो, मंच्युरियन तरी कुठं आपलं होतं? 1975 च्या सुमारास मुंबईत नेल्सन वांग यांनी ते काढलं असं सांगतात. आज एकही एसटी स्टँड चायनीजच्या गाडीवाचून नाही. 2020 मध्ये गलवाननंतर केंद्रीय मंत्री रामदास आठवले यांनी चायनीज पदार्थांवर बहिष्कार टाका म्हणून सांगितलं. गाडी एकही हलली नाही. आणि हलली असती तर मार कुणाला बसला असता? कोबीवाल्याला, सिमला मिरचीवाल्याला, कांद्याच्या पातीवाल्याला. बीजिंगला काय फरक पडणार होता? लोक खातात. प्रश्न एवढाच आहे की त्यांच्या ताटात आपला माल कोणत्या नावानं आणि कोणत्या भावानं जातो.

म्हणून शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या संचालकांना जाहीर सवाल: तुम्ही गोदाम बांधलं, चाळणी बसवली, वजनकाटा आणला. म्हणजे आडत्याचंच काम केलं, फक्त पाटी बदलून. येत्या सर्वसाधारण सभेत दोन गोष्टींचं उत्तर द्या. खायच्या सोयाबीनचा वाण वेगळा पेरून वेगळा ठेवायचा ठराव कधी करणार? आणि दिवसाला 50 किलो टोफूपासून सुरुवात करायला अडचण नेमकी कोणती? कृषी विज्ञान केंद्रातल्या साहेबांनीही सांगावं, यातला कुठला वाण आपल्या जिल्ह्याच्या रानात टिकेल.

सभासदांनो, हे दोन प्रश्न लिहून न्या आणि इतिवृत्तात नोंदवून घ्या. ज्याला माझा हिशोब चुकीचा वाटतो त्यानं खाली आकडे मांडून खोडावा. नुसतं "सोयाबीन खायचं पीक नाही" एवढंच लिहिणाऱ्याला मी उत्तर देणार नाही.