गाडी ग्राहकाची, चावी कंपनीची

ऑगस्ट 2025च्या अखेरीस जग्वार लँड रोव्हरच्या संगणक यंत्रणेवर सायबर हल्ला झाला आणि कंपनीचे ब्रिटनमधील कारखाने महिनाभराहून अधिक काळ थंडावले. 2008 मध्ये टाटा मोटर्सने ही कंपनी फोर्डकडून विकत घेतली असल्याने आपल्याकडे तेव्हा चर्चा झाली ती शेअरच्या भावाची आणि तोट्याच्या आकड्यांची. जगभरातील अधिकृत दुरुस्ती केंद्रांना सुटे भाग पुरवणारी या कंपनीची मध्यवर्ती व्यवस्थाही त्या काळात विस्कळीत झाली होती, याकडे मात्र फारसे कुणाचे लक्ष गेले नाही. समोर नादुरुस्त गाडी आहे, हाताशी कारागीर आहे, मालकाची पैसे मोजण्याची तयारी आहे आणि तरीही काम अडून आहे, अशी ही स्थिती. दुरुस्तीची सारी सूत्रे एकाच ठिकाणी एकवटली की काय होते, याचा तो वस्तुपाठ होता.

याच कंपनीच्या जुन्या गाड्यांची कहाणी अगदी उलट आहे. दार्जिलिंग जिल्ह्यातील मानेभंज्यांगपासून 3636 मीटर उंचीवरील संदकफूपर्यंत आजही 1950च्या दशकातील लँड रोव्हर प्रवासी वाहून नेतात. चहामळ्यांच्या इंग्रज साहेबांनी मागे ठेवलेल्या या गाड्यांचे भाग बाजारात मिळेनासे होऊन कित्येक दशके लोटली. पण तिथल्या चालकांनी हार मानली नाही. कुणी महिंद्राचे डिझेल इंजिन बसवले, कुणी दुसऱ्या गाडीचा भाग घासून-तासून जुळवून घेतला. 2018 मध्ये, आपल्या सत्तराव्या वर्षी, कंपनीने या गाड्यांवर अभिमानाने चित्रफीत काढली. ज्या दुरुस्तीचे त्या चित्रफितीत कौतुक झाले, ती कंपनीच्या आजच्या गाडीवर कुणी करू म्हटले तर जमणार नाही, हा यातला विरोधाभास.

कारण आजची आलिशान ‘ऑफ-रोड’ गाडी म्हणजे चाकांवरचा संगणक आहे. हवेच्या दाबावर चालणारे सस्पेन्शन असो, गिअरबॉक्सचे नियंत्रण असो की साधा दिवा. त्यांतील अनेक भाग नुसते बसवून चालत नाहीत. कंपनीच्या सॉफ्टवेअरद्वारे गाडीच्या संगणकाशी त्यांची ओळख करून द्यावी लागते. ही ओळख करून देण्याचा अधिकार प्रामुख्याने अधिकृत केंद्राकडे असतो आणि अशी केंद्रे मोजक्या महानगरांत असतात. ज्या डोंगरदऱ्यांसाठी ही गाडी घडवली असे जाहिराती सांगतात, तिथे ती बंद पडली तर तिला ट्रकवर चढवून शेकडो किलोमीटर दूर न्यावे लागते.

कोट्यवधींच्या गाड्या बाळगणाऱ्यांची काळजी वृत्तपत्राच्या स्तंभाने का वाहावी, असा प्रश्न वाचकाच्या मनात येईल. तो रास्तही आहे. पण गाडीचा पहिला मालक श्रीमंत असतो, तिसरा बहुधा नसतो. राजधानी परिक्षेत्रात दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर आलेल्या बंदीवर सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये शिक्कामोर्तब केले. तेव्हापासून दिल्लीतील महागड्या डिझेल गाड्या मुदत संपण्याच्या सुमारास पडेल भावात अन्य राज्यांत जाऊ लागल्या. ऑगस्ट 2025 मध्ये न्यायालयाने कठोर कारवाईला आवर घातला, तरी हा प्रवाह केव्हाच रुळला होता. पंजाबातला एखादा आडत्या किंवा हिमाचलमधला टॅक्सीचालक नव्या छोट्या मोटारीच्या किमतीत ती घेतो. आणि मग एखाद्या सुट्या भागाची किंमत ऐकून हबकतो. तो मग दिल्लीचे काश्मिरी गेट, मायापुरी किंवा चेन्नईचे पुदुपेट गाठतो. तिथे मोडीत निघालेल्या गाडीचा अस्सल भाग मिळू शकतो, तसा हुबेहूब वेष्टनातला नकली किंवा चोरीच्या गाडीतून काढलेलाही मिळू शकतो. ब्रेकचा भाग असा घेतला गेला की धोका गाडीतल्यांपुरता उरत नाही. रस्त्यावरचा पादचारीही त्यात येतो.

हा प्रश्न आपल्या व्यवस्थेला ठाऊक नाही, असे नव्हे. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट 2014 मध्ये चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे 2,545 कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. त्यांत मारुती, टाटा आणि महिंद्रा होत्या, तशा बीएमडब्ल्यू, मर्सिडीज आणि टोयोटाही. सुटे भाग आणि दोष शोधण्याची उपकरणे खुल्या बाजारात येऊ न देणे, हा त्यांच्यावरील ठपका होता. बौद्धिक संपदा आणि ग्राहकाची सुरक्षितता ही कारणे कंपन्यांनी पुढे केली. आयोगाला ती पटली नाहीत. भाग आणि उपकरणे स्वतंत्र गॅरेजांना द्या, बाहेर दुरुस्ती केली एवढ्याच कारणावरून वॉरंटी नाकारू नका, असे त्याने बजावले. पुढे दंड आणि आदेश दोन्ही अपिलांच्या आणि याचिकांच्या फेऱ्यात सापडले. 2022च्या डिसेंबरात केंद्राने ‘दुरुस्तीचा अधिकार’ या नावाचे संकेतस्थळ सुरू केले, त्यात वाहनक्षेत्राचाही समावेश केला. संकेतस्थळावर माहिती देणे कंपनीच्या मर्जीवर अवलंबून असेल, तर त्याला अधिकार हे नाव शोभत नाही.

कंपनीच देश सोडून गेली तर काय, हेही आपण पाहिले आहे. जनरल मोटर्सने 2017 मध्ये इथली विक्री थांबवली, फोर्डने 2021 मध्ये उत्पादन गुंडाळण्याची घोषणा केली. भाग व सेवा पुरवत राहण्याचे आश्वासन दोघींनी दिले होते. एन्डेव्हरचे मालक त्या आश्वासनावरच विसंबून आहेत. किती वर्षे विसंबावे, हे मात्र कोणत्याही कायद्यात लिहिलेले नाही.

जुलै 2025 मध्ये ब्रिटनशी झालेल्या व्यापार करारानुसार शंभर टक्क्यांहून अधिक असलेले मोटारींवरील आयातशुल्क ठरावीक संख्येच्या मर्यादेत टप्प्याटप्प्याने दहा टक्क्यांवर येणार आहे. सप्टेंबरात सुट्या भागांवरील वस्तू व सेवा कर अठ्ठावीसवरून अठरा टक्के झाला, हे स्वागतार्हच. रेंज रोव्हरची जुळणी आता पुण्यात होते, हीही समाधानाची बाब. पण कर घटला म्हणून न मिळणारा भाग मिळू लागत नाही. शुल्कात सवलत देताना सरकारच्या हाती अटी घालण्याची संधी असते. त्या मॉडेलची शेवटची गाडी विकल्यानंतर किमान दहा-बारा वर्षे भाग पुरवण्याची लेखी हमी, भागांच्या किमती जाहीर करण्याचे बंधन आणि योग्य शुल्क घेऊन कोणत्याही नोंदणीकृत गॅरेजला सॉफ्टवेअर देण्याची सक्ती, एवढ्या तीन अटी तरी घालाव्यात. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात दोष शोधण्याची माहिती स्वतंत्र गॅरेजांना देण्याचा कायदा 2012 मध्येच झाला, आणि तिथे मोटारी विकणे कोणत्याही कंपनीने थांबवलेले नाही.