दोष रक्तातला, बोट बाईकडे



मध्यंतरी आमच्या सल्ला केंद्रात एक बाई आली. कडेवर सहा वर्षांचा मुलगा, त्याचा गुडघा सुजून टणक झालेला. ती पोटगीसाठी आली होती. मुलाला हिमोफिलिया असल्याचं कळलं आणि ‘तुझ्याच रक्तात खोट आहे’ म्हणत सासरच्यांनी तिला माहेरी धाडलं. दर पंधरा-वीस दिवसांनी कामावर खाडा करून, दोन एस.टी. बदलून ती मुलाला मोठ्या दवाखान्यात नेते. कधी इंजेक्शन मिळतं, कधी ‘साठा संपला, पुढच्या आठवड्यात या’ असं उत्तर. सांध्यातलं रक्त पुढच्या आठवड्यापर्यंत थांबत नाही.

या आजारात रक्त गोठवणारं एक प्रथिन कमी असतं. हिमोफिलिया ‘ए’मध्ये फॅक्टर आठ, ‘बी’मध्ये फॅक्टर नऊ. १९६४ साली ज्युडिथ ग्रॅहम पूल या शास्त्रज्ञ बाईने दाखवून दिलं की गोठवलेला प्लाझ्मा हळूहळू वितळवला तर खाली राहणाऱ्या साक्यात फॅक्टर आठ भरपूर असतं. तिथून उपचाराची वाट मोकळी झाली. आज शुद्ध केलेलं फॅक्टर शिरेतून टोचता येतं. पण फॅक्टर आठचा निम्मा अंश ८ ते १२ तासांत संपतो. म्हणून रक्तस्राव सुरू होताच, शक्यतो दोन तासांच्या आत, ते मिळायला हवं. तीव्र आजारात तर रक्तस्राव होऊच नये म्हणून आठवड्यातून दोन-तीनदा द्यावं लागतं. पुन्हा पुन्हा उशीर झाला की गुडघे, घोटे, कोपरं कायमची आखडतात. याला लोक नशीब म्हणतात. आपण त्याला हलगर्जी म्हणायला हवं.

आता ‘तुझ्याच रक्तात’ या वाक्याकडे वळू. सदोष जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. आई वाहक असेल तर प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता निम्मी, प्रत्येक मुलगी वाहक असण्याची शक्यताही निम्मी. बापाला आजार असेल तर त्याच्या सगळ्या मुली वाहक होतात. म्हणजे हे जनुक बापाकडूनही येतं. शिवाय सुमारे एक तृतीयांश रुग्णांच्या घराण्यात आधी कुणालाच हा आजार नसतो. तरीही मुलगी झाली तर दोष बाईचा आणि आजारी मुलगा झाला तरी बाईचाच!

हा पुरुषांचा आजार, असं आपणही मानत आलो. पण अनेक वाहक बायकांच्या रक्तातही फॅक्टर कमी असतं. फॅक्टरचं प्रमाण ४० टक्क्यांहून कमी असेल तर त्या बाईला नुसती ‘वाहक’ न म्हणता हिमोफिलियाची रुग्ण म्हणावं, असं आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी २०२१ साली सुचवलं. वॉन विलब्रँड हा रक्तस्रावाचा आजार तर बायका-पुरुष दोघांनाही होतो. पाळीत आठ-आठ दिवस अंगावरून जातं, बाळंतपणानंतर रक्त थांबत नाही, दात काढला तरी तोंड रक्ताने भरतं. ‘बायकांचं असंच असतं’ म्हणून आपण गप्प बसतो. लोहाच्या गोळ्या मिळतात, नाहीतर ‘पिशवी काढून टाका’ हा सल्ला. रक्त गोठण्याची तपासणी न करताच अशा किती पिशव्या काढल्या गेल्या असतील?

आणखी एक अवघड प्रश्न. गर्भलिंगनिदानाविरुद्ध लढून महाराष्ट्रात १९८८ साली आपण कायदा मिळवला. १९९४च्या केंद्रीय कायद्याने लिंगाशी निगडित आनुवंशिक आजारांसाठी गर्भतपासणीची मुभा ठेवली आहे. ही तपासणी करायची की नाही, हे त्या बाईने पुरी माहिती घेऊन ठरवावं. सासूने, नवऱ्याने किंवा डॉक्टरने तिच्यावर ते लादू नये. आणि मूल जन्माला आलं तर त्याच्या इंजेक्शनची जबाबदारी एकट्या आईची राहू नये.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात हिमोफिलियाचा समावेश आहे. त्याचा आधार घेऊन गटांनी आपल्या जिल्ह्यात विचारावं: फॅक्टरचा साठा किती, तो संपतो तेव्हा जबाबदार कोण? घरी इंजेक्शन द्यायला आईबरोबर बापालाही शिकवतात का? आरोग्याच्या बैठकीत पाळीबद्दल नेमके प्रश्न विचारावेत. अशा मुलाला अ‍ॅस्पिरिन देऊ नये, दंडात-कमरेत स्नायूत इंजेक्शन टोचू नये, हे गावात प्रत्येकीला ठाऊक असावं.

त्या बाईचा पोटगीचा दावा आम्ही दाखल केला आहे. अर्जात मुलाच्या उपचाराचा आणि प्रवासाचा खर्चही मागितला आहे. कोर्टात ती एकटी उभी राहणार नाही, एवढं आपल्या हातात आहे.

— संपादक मंडळाच्या वतीने