अनुदान कोणाला आणि कशाच्या मोबदल्यात?

खेड्यापाड्यांत काम करणाऱ्या लहान सेवाभावी संस्थांपुढचा आजचा प्रश्न वरवर पाहता पैशाचा वाटतो. पैसा कोठून मिळवावा, अर्ज कसा लिहावा, प्रशिक्षण कोठे घ्यावे, अशी विचारणा कार्यकर्त्यांकडून सतत होत असते. परंतु थोडे खोलात गेले की ध्यानात येते, देशात समाजकार्यासाठी पैसा नाही असे मुळीच नाही. तो आहे, आणि पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक आहे. मात्र त्याच्या वाटा अशा आखल्या गेल्या आहेत की तो खेड्याच्या वेशीपर्यंत पोहोचतच नाही. म्हणून या प्रश्नाकडे केवळ अर्जलेखनाचे तंत्र म्हणून पाहून चालणार नाही. लोकशाहीत समाजकार्य करण्याचा अधिकार कोणाच्या हाती राहावा, असा हा प्रश्न आहे.

एखाद्या डोंगरी तालुक्यात आठ-दहा तरुण एकत्र येतात, रात्रीची शाळा किंवा कुपोषित मुलांसाठी केंद्र सुरू करतात. काम उभे राहते आणि मग कागद सुरू होतात. १८६० च्या कायद्याखाली संस्थेची नोंदणी, १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली न्यासाची नोंदणी, प्राप्तिकर खात्याकडील दोन वेगळ्या नोंदी, नीती आयोगाच्या दर्पण संकेतस्थळावरील क्रमांक आणि कंपन्यांचा निधी हवा असेल तर २०२१ पासून सक्तीचा झालेला सीएसआर-१ हा अर्ज. एखादा विश्वस्त मरण पावला वा बदलला तर नव्वद दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट दाखल करावा लागतो. तो राहून गेला की धर्मादाय कार्यालयाच्या दप्तरी दिवंगत माणसेच विश्वस्त म्हणून नांदत राहतात आणि प्रत्येक अर्ज तेथे अडतो. यांतील एकेक अट स्वतंत्रपणे पाहिली तर समर्थनीय आहे. सार्वजनिक पैशाचा हिशेब मागितलाच पाहिजे. पण या अटींची बेरीज ज्याच्या डोक्यावर येते, त्याच्याजवळ ना पगारी हिशेबनीस असतो, ना तालुक्याला सनदी लेखापाल.

कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीचेच पाहा. २०१३ च्या कंपनी कायद्यातील १३५ व्या कलमाने मोठ्या कंपन्यांवर मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करण्याचे बंधन घातले आणि १ एप्रिल २०१४ पासून ते अमलात आले. तत्त्व म्हणून त्याचे स्वागतच केले पाहिजे. परंतु त्याच कलमात कंपनीच्या आसपासच्या प्रदेशाला प्राधान्य द्यावे असे म्हटले आहे. कारखाने जेथे आहेत तेथे पैसा, आणि कारखाने मुंबई-ठाणे-पुण्याच्या पट्ट्यात! ज्या गडचिरोलीला आणि नंदुरबारला केंद्र सरकारनेच २०१८ मध्ये आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत घातले, त्यांच्या आसपास नफ्याचे कारखाने किती? म्हणजे ज्या विषमतेतून मागासलेपण जन्मले, तीच विषमता दानाच्या वाटपातही उतरते. शिवाय काम सोपवायच्या संस्थेला तशाच कामाचा तीन वर्षांचा अनुभव हवा, अशी अट आहे. पैशावाचून तीन वर्षांचा अनुभव मिळवायचा कसा, याचे उत्तर नियमात नाही. कायद्याने प्रशासकीय खर्चावर घातलेली पाच टक्क्यांची मर्यादा ही कंपनीच्या स्वतःच्या खर्चापुरती आहे. तरी अनेकदा तोच आकडा लहान संस्थेपुढे ठेवला जातो. वह्या-पुस्तकांना पैसे आहेत, पण शिकवणाऱ्या कार्यकर्त्याच्या मानधनाला नाहीत, असा हा व्यवहार आहे.

परदेशी मदतीचा इतिहास तर अधिक बोलका आहे. तिच्यावर नियंत्रण ठेवणारा पहिला कायदा १९७६ सालचा, म्हणजे ऐन आणीबाणीतला. त्याची जागा २०१० च्या कायद्याने घेतली आणि २०२० च्या दुरुस्तीने ही पकड आणखी आवळली. प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नास टक्क्यांवरून वीस टक्क्यांवर आणली गेली, पैसा प्रथम दिल्लीतील स्टेट बँकेच्या एकाच शाखेत घेण्याचे बंधन आले आणि एका संस्थेने दुसरीला हा निधी देण्यास पूर्ण मनाई झाली. या शेवटच्या तरतुदीचा घाव नेमका खेड्यावर पडला. पूर्वी नोंदणी असलेली मोठी संस्था त्याच कायद्याखाली नोंदलेल्या चार लहान संस्थांना आपल्या निधीतून वाटा देऊ शकत असे, त्यांचे हिशेब पाहत असे, त्यांना शिकवीत असे. ती साखळीच तुटली. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या दुरुस्त्या वैध ठरवल्या. त्यामुळे कायदेशीर वाद मिटला असेल, सामाजिक प्रश्न मिटलेला नाही.

आणि हा दोष एकाच पक्षाच्या राजवटीचा आहे असेही नाही. १९८२ मध्ये इंदिरा गांधींच्या सरकारने कुदाल आयोग नेमला आणि गांधी शांती प्रतिष्ठान, सर्व सेवा संघ यांसारख्या संस्थांना वर्षानुवर्षे चौकशीच्या पिंजऱ्यात उभे केले. जयप्रकाशजींच्या आंदोलनाशी असलेले नाते हाच त्यांचा खरा अपराध होता. दुसरीकडे १९८६ मध्ये ग्रामीण संस्थांना अनुदान देण्यासाठी कपार्ट ही परिषद स्थापन झाली. सरकारने लोकांच्या संस्थांना प्रत्यक्ष साहाय्य करावे, ही कल्पना चांगली होती. परंतु निधी दिसताच कागदावरच्या संस्था निघाल्या, दलाल निर्माण झाले, अनेक संस्था काळ्या यादीत गेल्या. आणि अखेर २०२० मध्ये कपार्ट हैदराबादच्या राष्ट्रीय ग्रामीण विकास संस्थेत विलीन झाली. खोट्या संस्थांना चाप लावण्याऐवजी खऱ्या संस्थांचा आधारच काढून घेतला गेला.

यावर प्रशिक्षणाचा उपाय सुचविला जातो, आणि प्रशिक्षण हवेच. पण कशाचे? आज बहुतेक शिबिरांतून शिकवली जाते ती देणगीदाराची भाषा. इंग्रजीत प्रस्ताव कसा मांडावा, आकड्यांचे तक्ते कसे भरावेत, देणाऱ्याच्या यंदाच्या आवडीचा विषय कोणता, हेच त्यात प्रामुख्याने असते. त्यात तरबेज झालेला कार्यकर्ता पुष्कळदा तालुका सोडून शहरातल्या मोठ्या संस्थेत जातो. जो उरतो तो गावाच्या गरजेप्रमाणे काम आखण्याऐवजी अर्जातील रकान्यांप्रमाणे गाव आखू लागतो. यंदा पाण्याला पैसा, म्हणून आपण पाण्याचे कार्यकर्ते. पुढील वर्षी कौशल्यविकासाला, म्हणून कौशल्याचे. चळवळीचा प्रकल्प होतो आणि कार्यकर्त्याचा कंत्राटदार. मजुराच्या किमान वेतनाचा किंवा वनहक्काचा प्रश्न घेऊन जो तहसील कचेरीवर मोर्चा नेतो, त्याच्यासाठी तर कोणत्याच अर्जात रकाना नसतो.

महाराष्ट्राला या बाबतीत दूर पाहण्याचे कारण नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था उभी केली ती सामान्य शेतकऱ्याच्या मूठ-मूठ धान्यावर. १९४८ मध्ये त्यांच्या स्पष्टोक्तीने चिडून मुंबई सरकारने संस्थेचे अनुदान बंद केले, तेव्हा शाळा बंद पडल्या नाहीत. लोकांनी त्या तगवल्या, आणि पुढे सरकारलाच अनुदान पुन्हा सुरू करावे लागले. ऐंशीच्या दशकात डॉ. श्रीराम लागू, निळू फुले प्रभृती कलावंतांनी ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग गावोगाव करून सामाजिक कृतज्ञता निधी उभारला, तो पूर्णवेळ कार्यकर्त्यांना मानधन देण्यासाठी. कार्यकर्त्यालाही पोट असते, हे सत्य त्या निधीने मान्य केले. ते आजचे नियम मान्य करीत नाहीत. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) या गावाने मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारख्या सहकाऱ्यांच्या सोबतीने अभ्यासगट चालवले, कायदे समजून घेतले, आणि २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. २०११ पासून गाव आपला बांबू आपण विकू लागले. खरे प्रशिक्षण याला म्हणतात! त्यातून गाव अर्जदार बनले नाही, मालक बनले.

मग करावयाचे काय? शासनाने प्रत्येक जिल्ह्यात एक साहाय्य केंद्र उघडावे. तेथे मराठीत अर्ज घेतला जावा, सर्व नोंदण्यांची कागदपत्रे एकदाच मागितली जावीत आणि लहान संस्थांचे हिशेब तपासून देण्याची सोय असावी. २०२५ च्या वित्त कायद्याने पाच कोटींपर्यंत उत्पन्न असलेल्या संस्थांच्या प्राप्तिकर नोंदणीची मुदत पाच वर्षांवरून दहा वर्षे केली, हे योग्य पाऊल आहे. मनात आणले तर जाच कमी करता येतो, हेच त्याने सिद्ध केले. कंपन्यांच्या निधीतील ठरावीक हिस्सा मागास जिल्ह्यांतील लहान संस्थांसाठी राखून ठेवण्याचे बंधन घालावे, आणि त्यात मानधनाला उघड जागा द्यावी. सोशल स्टॉक एक्स्चेंजचे गोडवे आज गायले जातात. पण तेथे निधी उभारण्यासाठी संस्थेचा आदल्या वर्षीचा खर्चच किमान पन्नास लाखांचा असावा लागतो. आपल्या तालुक्यातील किती संस्था त्या उंबरठ्यापर्यंत जाऊ शकतील?

परंतु सर्व भार शासनावर टाकून मोकळे होणे समाजवादी कार्यकर्त्यांना शोभणार नाही. निवृत्त बँक कर्मचारी, शिक्षक, लेखापाल यांनी आठवड्यातला एक दिवस एका ग्रामीण संस्थेच्या दप्तराला दिला, तर बड्या सल्लागारांची गरज उरणार नाही. मध्यमवर्गीय कुटुंबांनी दरमहा लहानशी का होईना, पण नियमित रक्कम दिली, तर तिच्यावर कोणाचा हुकूम चालणार नाही. अमेरिकेतील मराठी मंडळी महाराष्ट्र फाउंडेशनच्या द्वारे येथील सामाजिक कार्याची दखल घेत आली आहेत; जिल्ह्याच्या गावी राहणाऱ्यांना ते अशक्य का वाटावे? आणि संस्थांनीही पहिला हिशेब द्यावा तो देणगीदाराला नव्हे, ग्रामसभेला. ज्यांच्या नावाने पैसा येतो त्यांच्यापुढे जमाखर्च मोठ्याने वाचला गेला, तर खोट्या संस्था आपोआप उघड्या पडतील आणि खऱ्या संस्थांना अशी साक्ष मिळेल की जी कोणतेही प्रमाणपत्र देऊ शकणार नाही.

अनुदान घेण्यात कमीपणा नाही. तो जनतेच्याच श्रमातून आलेला पैसा आहे आणि त्यावर खेड्याचा हक्क आहे. मात्र तो हक्क म्हणून मागावा, उपकार म्हणून नव्हे. आणि ज्या अनुदानासाठी तोंड बंद ठेवावे लागते, ते नाकारण्याइतके बळ आपल्या गावात अगोदर उभे करावे. असे बळ असलेल्या संस्थेला अनुदान मिळाले तर काम वाढेल. न मिळाले तरी ते थांबणार नाही.