रक्तदान करावे, पण कोणी?



यंदा बॉयलर अग्निप्रदीपनाच्या दिवशी आपल्या कारखाना कार्यस्थळावर रक्तदान शिबिर झाले. मंडप भरला, भाषणे झाली, फोटो निघाले. त्या दिवशीची एक गोष्ट मात्र अहवालात आलेली नाही. ती आम्हीच सांगितलेली बरी, कारण चूक आमची आहे.

शिबिरासाठी आम्ही प्रत्येक गट ऑफिसला आकडा ठरवून दिला होता. ऊस नोंदीचे उद्दिष्ट द्यावे तसे रक्ताच्या पिशव्यांचे उद्दिष्ट दिले म्हणा ना! दुपारी एका गटाच्या आठ-दहा पिशव्या कमी पडू लागल्या, तेव्हा तेथील आमच्या माणसाने गावात निरोप धाडला आणि चार-पाच भगिनींना जीपमधून आणले. त्यांत एकीचे मूल सहा महिन्यांचे होते. फॉर्म भरताना प्रश्न आला, ‘बाळाला अंगावर पाजता का?’ आमचा माणूस मागून हळूच म्हणाला, “नाही म्हणा वहिनी, तेवढ्यानं काय होतंय?” ती नाही म्हणाली. पुढे बोटाला सुई टोचायच्या वेळी ती नर्सबाईंना म्हणाली, “बाई, जरा लवकर आटपा, बाळ भुकेजलं असंल.” नर्सबाई थबकल्या. त्यांनी पुन्हा विचारले, तेव्हा खरे काय ते बाहेर आले. तपासले तर हिमोग्लोबिन साडेनऊ. तिला परत पाठविले.

ती रडत घरी गेली. दुसऱ्या दिवशी गावात कुजबुज सुरू झाली की, हिच्या रक्तातच काही दोष निघाला. खोटे बोलायला लावणारा माणूस आमच्या शेतकी खात्याचा, आकडा ठरविणारे आम्ही, आणि बोल मात्र त्या माउलीला!

म्हणून पहिली गोष्ट ही की, तिच्या रक्तात दोष नाही. आपल्या देशातील रक्तपेढ्यांचा नियमच असा आहे की, बाळंतपणानंतर 12 महिने, आणि मूल अंगावर पीत आहे तोपर्यंत, आईचे रक्त घ्यावयाचे नाही. गर्भपात झाला असल्यास 6 महिने थांबावयाचे. हिमोग्लोबिन पुरेसे भरले असते तरी तिला परतच पाठवावे लागले असते. हा अपमान नव्हे, ही तिची आणि लेकराची काळजी आहे.

काही जणांना वाटते, रक्त दिले की दूध नासते. तसे काही नाही. कारण निराळे आहे, आणि ते हिशेबाने समजून घेण्यासारखे आहे. एका गर्भारपणात बाईच्या शरीराला सुमारे 1000 मिलिग्रॅम लोह जादा लागते. साध्या बाळंतपणातही अर्धा लिटरपर्यंत रक्त जाते, सिझेरियनमध्ये त्याहून अधिक. त्यानंतर रक्ताची एक 350 मिलिलिटरची पिशवी काढली, तर आणखी सुमारे 150 मिलिग्रॅम लोह गेले. आणि खाल्लेल्या अन्नातून शरीर रोज लोह घेते किती? एक-दोन मिलिग्रॅम! म्हणजे एका पिशवीची भरपाई व्हायला महिनोन्महिने लागतात. आपल्याला हे वेगळे सांगायला नको. लावणीचा ऊस तुटून गेल्यावर खोडव्याला खत-पाणी न देता जो लगेच दुसऱ्या पिकाची आशा धरतो, त्याला आपण शहाणा म्हणत नाही.

शिकलेली मंडळी विचारतात, “साहेब, इंग्लंडात म्हणे बाळंतपणानंतर सहाच महिने थांबवतात. मग आपल्याकडे एवढं कशाला?” प्रश्न रास्त आहे. पण आपली जमीन आधी तपासावी आणि मग खताचा डोस ठरवावा, हे आम्ही तुम्हाला नेहमी सांगतो. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील 15 ते 49 वयाच्या शंभर स्त्रियांपैकी 54 जणींच्या अंगात रक्त कमी आढळले. जिथे निम्म्याहून अधिक घरांत ही स्थिती, तिथे नियम कडक असलेलाच बरा.

आणि हे रक्त जाते कोणाला? बाळंतपणातील अतिरक्तस्राव हे आपल्या देशात मातामृत्यूंचे एक मोठे कारण आहे. अशा वेळी पिशवी मिळाली तर बाई वाचते. बाळंतिणीसाठी रक्त गोळा करायचे, आणि ते अंगावर पाजणाऱ्या आईकडूनच घ्यायचे? मग घरातले धडधाकट पुरुष काय करतात? 18 वर्षांपुढचा, 45 किलो वजनाचा आणि साडेबारा हिमोग्लोबिनचा निरोगी पुरुष दर तीन महिन्यांनी रक्त देऊ शकतो. आमच्या शिबिरात कितीतरी पुरुष सभासद चहा पिऊन, “आज बीपी जरा वाढल्यागत वाटतंय,” म्हणत परत फिरले. ते जीपच्या फेऱ्या मारून आणावे लागले नाहीत, तसे त्यांना कोणी अडवलेही नाही!

याचा अर्थ बायकांनी रक्त देऊच नये असा कोणी काढू नये. मूल अंगावरचे सुटले, वर्ष उलटले, वजन व हिमोग्लोबिन भरले की भगिनींनी अवश्य यावे. त्यांच्यासाठी दोन रक्तदानांतील अंतर चार महिन्यांचे आहे, एवढेच.

पुढील शिबिरासाठी आम्ही संचालक मंडळापुढे तीन सूचना ठेवीत आहोत. एक, गटवार आकडा बंद करावा. दोन, भगिनींसाठी वेगळे टेबल असावे. तेथे रक्त घ्यायचे नाही, फक्त तपासायचे, आणि कमी भरले तर प्राथमिक आरोग्य केंद्राची चिठ्ठी द्यायची. बाळंतपणानंतर 180 दिवस रोज घ्यावयाची लोहाची गोळी तेथे मोफत मिळते. ती चहाबरोबर घेऊ नये. शौचास काळे झाले तर घाबरू नये. आणि गुळाचा खडा खाऊन रक्त भरून निघत नाही, हे आपण ऊसवाल्यांनीच सांगितलेले बरे! तीन, हे टेबल एक दिवस तोडणी मजुरांच्या कोप्यांवरही न्यावे. पोर पाठीशी बांधून मोळ्या वाहणाऱ्या बाईच्या हिमोग्लोबिनची चौकशी आपण केव्हा केली आहे? तिच्या हातचा ऊस आपल्या गव्हाणीत पडतो, याची तरी जाण ठेवावी.

त्या भगिनीच्या घरी आम्ही जाऊन आलो. चार माणसांत सांगितले की, दोष तुमच्या सुनेचा नाही, आमचा आहे. तिचे सासरे जुने सभासद. थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, “तिच्या वाटणीची पिशवी माझा ल्योक देईल. पर साहेब, आधीच त्याला का नाही बोलावलं?”

यावर आमच्याजवळ उत्तर नव्हते. पुढील शिबिराला तरी हा प्रश्न कोणाला विचारावा लागू नये.

— ऊस विकास अधिकारी