स्कॅन नॉर्मल आला म्हणून बारबेल उचलू नका

दुचाकी घसरली, कबड्डीत डोकं आपटलं, की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘सीटी स्कॅन काढलं का?’ रिपोर्ट नॉर्मल आला की घरच्यांचा जीव भांड्यात पडतो आणि जिमला जाणारा गडी दोन-चार दिवसांत पुन्हा बारबेलखाली उभा राहतो. त्या रिपोर्टकडून तो जे वदवू पाहतो, ते त्यात लिहिलेलंच नसतं. स्कॅनमध्ये रक्तस्राव किंवा कवटीचं फ्रॅक्चर दिसतं. हादऱ्यामुळे मेंदूच्या कामकाजात झालेला बिघाड, म्हणजे कन्कशन, त्यात दिसत नाही. प्राण्यांवरच्या प्रयोगांत असं आढळलं आहे की अशा हादऱ्यानंतर पेशींमधलं पोटॅशियम बाहेर आणि कॅल्शियम आत जातं. ही घडी पुन्हा बसवायला मेंदूला जास्त ऊर्जा लागते, आणि नेमका त्याच काळात त्याचा रक्तपुरवठा घटलेला असू शकतो. नॉर्मल रिपोर्टने ऑपरेशन टळलं एवढंच कळतं. डेडलिफ्टबद्दल तो काहीच सांगत नाही.

मग महिनाभर अंधाऱ्या खोलीत पडून राहायचं का? तेही नाही, आणि ‘पूर्ण आराम करा’ एवढं सांगून पेशंटला वाटेला लावणाऱ्यांनी इथे लक्ष द्यावं. 2015 मध्ये अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात काही मुलामुलींना पाच दिवस कडक विश्रांती दिली आणि बाकीच्यांना एक-दोन दिवसांनी हळूहळू कामाला लावलं. त्रास जास्त नोंदवला तो कडक विश्रांतीवाल्यांनी. 2019 मध्ये बफेलो विद्यापीठातल्या जॉन लेडी यांच्या गटाने 103 किशोरवयीन खेळाडूंवर केलेल्या चाचणीत, त्रास वाढणार नाही एवढाच चालण्या-सायकलिंगचा व्यायाम करणारे साधारण 13 दिवसांत बरे झाले, तर नुसतं स्ट्रेचिंग करणाऱ्यांना 17 दिवस लागले. अॅमस्टरडॅमला 2022 मध्ये भरलेल्या तज्ज्ञांच्या परिषदेनेही हीच दिशा दिली: पहिले 24 ते 48 तास बेताची विश्रांती, मग चालणं, मग वाढता व्यायाम. थोडक्यात, व्यायाम लवकर सुरू करावा, पण भरपूर वजन मात्र सगळ्यात शेवटी उचलावं.

इथे हमखास येणारा आक्षेप असा की जिममध्ये डोक्याला कोण मारतंय? क्रिकेटमध्ये बाउन्सर असतो, कबड्डीत झटापट असते. बेंचवर पडून वजन ढकलण्यात धोका तो कसला? धोका श्वास रोखण्यात आहे. जड वजन उचलताना आपण पोट आवळतो, दम कोंडतो, चेहरा लालबुंद होतो. 1985 मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी पाच मुरलेल्या बॉडीबिल्डरांच्या दंडाच्या धमनीत नळी घालून हा प्रकार मोजला. लेग प्रेसच्या शिखरावर रक्तदाब सरासरी 320/250 पर्यंत गेला होता, एकाचा तर 480/350 च्या घरात. दम कोंडल्यावर कवटीच्या आतला दाबही चढतो. धडधाकट माणसाचा मेंदू हे चढउतार सांभाळून घेतो, पण हादरलेल्या मेंदूत ते सांभाळणारी यंत्रणाच काही काळ डळमळीत असू शकते. शिवाय कन्कशननंतर तोल बिघडू शकतो आणि प्रतिक्रियेचा वेग मंदावतो. अशा खेळाडूंना पुढचे काही महिने पायाच्या दुखापती जास्त होतात, असंही दिसून आलं आहे. मानेवर बार घेऊन स्क्वॉटला बसलेल्याला अर्धवट खाली असताना गरगरलं, तर आधीचं दुखणं परवडलं म्हणायची वेळ येईल.

दुसरा आक्षेप जास्त सच्चा आहे. लवकर व्यायाम सुरू करण्याचे हे अभ्यास बहुतांश पोरवयातल्या खेळाडूंवरचे आणि चालण्या-सायकलिंगचे. चाळिशीच्या, जिम लावलेल्या माणसाला ते कसे लागू पडणार? बरोबर आहे, बारबेलपुरता पुरावा तोकडाच आहे. पण तोकड्या पुराव्याचं माप धीमेपणाच्या पारड्यात टाकायचं की घाईच्या? घाईने मिळणार काय, हे पाहिलं की उत्तर सोपं होतं. नियमित व्यायाम करणाऱ्याची ताकद दोन-तीन आठवड्यांच्या खंडाने फारशी घटत नाही, आणि जी घटते ती नव्याने कमावण्यापेक्षा लवकर परत येते. म्हणून आधी चालणं किंवा स्टॅटिक सायकल. ते निभावलं तर हलके डंबेल, तेही बसून, मोजून श्वास सोडत. दहापैकी किती, असा आकडा आधी डोकेदुखीला द्यावा. व्यायामाने तो दोन अंकांपेक्षा जास्त चढला किंवा तासाभरात उतरला नाही, तर त्या दिवशी थांबावं आणि दुसऱ्या दिवशी एक पायरी खालून सुरुवात करावी. दम कोंडून मारायचे सेट, वर ओढायला स्पॉटर लागणारं वजन आणि मान आवळणारे श्रग्ज यांची पाळी सगळी लक्षणं गेल्यानंतर आणि डॉक्टरांनी पुन्हा तपासल्यावर. गोळी घेऊन डोकं शांत केलं आणि मग सेट मारला, तर मोजपट्टीच मोडली. प्री-वर्कआउटच्या, म्हणजे व्यायामाआधी घ्यायच्या उत्तेजक पावडरच्या, डब्याचंही तेच. वर्षाची फी आधीच भरलेली असते, हे या घाईमागचं खरं दुखणं. ते जिमवाल्यांनी मेंबरशिप काही आठवडे थांबवून सोडवावं.

ही पायऱ्यांची चढण काहींसाठी मुळी नाहीच. वारंवार उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, झटका, हातापायातली कमजोरी, बोलण्यातली गडबड किंवा न आवरणारी झोप दिसली, तर जिमचा विचार सोडून थेट दवाखाना गाठावा. साठी ओलांडलेल्यांचं, विशेषतः रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्यांचं, प्रकरण आणखी वेगळं. किरकोळ आपटण्यानंतरही त्यांच्या कवटीखाली रक्त हळूहळू साचू शकतं आणि त्रास काही आठवड्यांनी दिसतो. सकाळी उत्साहाने डंबेल उचलणाऱ्या आजोबांचा पाय ओढला जाऊ लागला किंवा बोलणं विसंगत वाटलं, तर महिन्यापूर्वीचा नॉर्मल रिपोर्ट फाइलीतच ठेवून स्कॅन नव्याने काढावा लागतो.