पांखरांची राखण आणि आवाजाचें यंत्र

ज्वारीचें कणीस दुधांत आलें कीं पांखरांचे थवे शेतांत उतरूं लागतात. आणि माळ्यावर गोफण घेऊन उभा राहणारा माणूस मिळणें तर दिवसेंदिवस कठीण होत चाललें आहे. यास्तव हौशी तरुण करमणुकीसाठीं जुळवितात तें आवाजाचें छोटें यंत्र कर्ण्यास जोडून राखणीच्या कामीं लावावें, असा विचार कित्येक शेतकरी बोलून दाखवितात. विचार टाकाऊ नाहीं. परंतु तो अर्धवट अमलांत आणल्यास पैसाहि जाईल व पीकहि जाईल, म्हणून त्याविषयीं आमचें मत येथें देत आहों.

या यंत्राचें मूळ साधें आहे. बीसी 547 सारख्या ट्रान्झिस्टरचा बेस व एमिटर यांमधील सांधा मोठ्या रोधकामार्फत 12 व्होल्टांच्या बॅटरीस उलट दिशेनें जोडला, म्हणजे 6 ते 9 व्होल्टांच्या सुमारास त्यांतून वीज अनियमितपणें वाहूं लागते. ही अनियमितता पावसाच्या सरीसारख्या आवाजाच्या रूपानें ऐकूं येते. मात्र ती फार क्षीण असते. दुसऱ्या ट्रान्झिस्टरनें वाढविली तरी कानाला लावावयाच्या फोनापुरतीच पुरते.

बहुतेकांची चूक येथेंच होते. तोच तोंडाशीं 4 किंवा 8 ओहमांचा कर्णा जोडला कीं आवाज जवळजवळ नाहींसा होतो. कारण हजारों ओहमांच्या भारासाठीं योजलेल्या ट्रान्झिस्टरला इतक्या कमी रोधाचा भार ओढवत नाहीं. मध्यें शक्तिवर्धक हवाच. एलएम 386 ही चकती खोलीपुरती ठीक; शेतासाठीं मोटारींतील रेडिओकरितां बनविलेली टीडीए 2003 बरी. ती मोटारीच्या बॅटरीवर चालते. मात्र तिला ॲल्युमिनियमचा जाड पत्रा जोडून उष्णता बाहेर जाऊं द्यावी. दोहोंच्या मध्यें लहान कपॅसिटर घालावा, म्हणजे स्थिर व्होल्टेज पुढें जात नाहीं व कर्ण्याच्या पडद्यास अपाय करणारे खालचे सूरहि अडतात. आवाज उत्पन्न करणाऱ्या भागास वीज देतांना वाटेंत रोधक व मोठा कपॅसिटर ठेवावा. नाहींतर शक्तिवर्धकाचे झटके मागें येऊन यंत्र भकभक करूं लागतें. कागदी पडद्याच्या स्पीकरपेक्षां भोंगा घ्यावा. तितक्याच विजेंत तो दूरवर ऐकूं जातो.

आतां मुख्य मुद्दा. दुप्पट अंतरावर तितकाच आवाज पोंचविण्यास चौपट शक्ति लागते. म्हणून एक प्रचंड कर्णा लावण्यापेक्षां दोनतीन लहान कर्णे शेतांत विभागून लावणें शहाणपणाचें आहे. शिवाय पांखरें मूर्ख नव्हेत. एकसारखा चाललेला आवाज त्यांच्या लवकरच अंगवळणीं पडतो. ठराविक वेळानें येणारा आवाजहि तीं ओळखूं लागतात. आवाज अकस्मात् यावा, थोडा वेळ टिकावा, मध्यंतर लहानमोठें असावें व कर्ण्याची जागा दोनतीन दिवसांनीं बदलावी. मधून मधून माणसाची हाक व गोफणीचा दगड यांची जोड असेल, तरच पांखरांच्या मनांत भीति राहते. यंत्र हें राखणदाराचें साधन आहे, राखणदार नव्हे.

रात्रीं डुकरांसाठीं तें लावावें काय, असा प्रश्न येईल. आमचें उत्तर नकारार्थी आहे. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांप्रमाणें लाऊडस्पीकर लावण्यास लेखी परवानगी लागते, व रात्रीं 10 पासून सकाळीं 6 पर्यंत उघड्यावर तो लावण्यास सामान्यतः बंदी आहे. कायदा बाजूस ठेवला, तरी दिवसभर राबलेल्या वस्तीची झोंप मोडण्याचा अधिकार कोणासहि नाहीं.

शेवटीं एक गोष्ट आग्रहानें सांगावीशी वाटते. आपल्या शेतांतून उडालेला थवा शेजाऱ्याच्या शेतांत उतरतो. प्रत्येकानें स्वतंत्र यंत्र घेऊन पांखरें एकमेकांवर ढकलीत बसल्यास शेतकऱ्यांचा फायदा न होतां विक्रेत्याचाच होईल. याकरितां लागून असलेल्या शेतांच्या मालकांनीं मिळून यंत्रें करावीं, राखणीच्या पाळ्या ठरवाव्या आणि शक्य तर पेरणीहि एकाच सुमारास करावी, म्हणजे पांखरांचा उपद्रव सर्वत्र विभागला जाऊन एकट्याचें शेत बुडत नाहीं. यंत्र गांवांतला कोणीहि हुशार मुलगा जुळवूं शकेल. हा मेळ मात्र वडीलधाऱ्यांनींच जुळविला पाहिजे.